खारवंड्याची सोंगं ‘जातो’ का म्हणतात

पाहुणे, दचकू नका. खारवंड्याच्या शिमग्यात सोंग अंगण सोडताना ‘येतो’ म्हणत नाही, सरळ तोंडावर ‘जातो’ म्हणतं. चांगली शहाणीसुरती माणसं सणासुदीला असं अभद्र का बोलतात, हे तुमच्या मनात आलंच, चेहऱ्यावर दिसतंय.

त्याचं असं सांगतात. डोंगरावरच्या वाडीत भागोजी नावाचा सोंगाड्या होता. इतरांची सोंगं ठरलेली असत. हा मात्र तोंडाला काजळी फासून उभा राहायचा आणि बायका विचारतील तसा माणूस तिथल्या तिथं घडवायचा. नाव काय, गाव कुठलं, बायको मारते का; उत्तर तयार. अडखळला की सोंग हरलं, असा नियम. भागोजी कधी हरला नव्हता, आणि त्याची त्याला भारी घमेंड.

त्या वर्षी तो पहिल्यांदाच खाली खाडीकाठी, आपल्या खारवंड्यात उतरला. येसू खारविणीच्या अंगणात बायकांनी त्याला घेरलं. कोण तू? तोंडात आलं ते त्यानं ठोकून दिलं: म्हादू, मचवा हाकणारा तांडेल. लंगडतोस कशानं? डाव्या पायाची दोन बोटं नांगराच्या दोरात गेली. बायका येसूकडे बघू लागल्या. येसूचा नवरा म्हादू सात वर्षांपूर्वी मचव्यासकट बुडाला होता. त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती.

येसूनं हातातलं सूप खाली ठेवलं. “निघताना काय म्हणालात?”

भागोजीला थांबायचं होतं. जीभ थांबेना. “भात झाकून ठेव. येतो.”

हेच शब्द होते म्हणे. येसूखेरीज ते कुणी ऐकले नव्हते.

मग काजळी धुतली तरी निघेना. भागोजी घराकडे वळायचा आणि पाय लंगडत येसूच्या दारी आणून सोडायचे. आतल्या आत तो स्वतःचं नाव घोकत होता. तिसऱ्या दिवशी तेही आठवेना.

येसूला नवरा ठेवून घेता आला असता. आळीतल्या बायका तसं सुचवतही होत्या. तिनं भात वाढला. शेवटच्या शितापर्यंत समोर बसून त्याला जेवताना पाहिलं. मग म्हणाली, “आता येतो म्हणू नका. जातो म्हणा.”

तो पानावरून उठला आणि म्हणाला, “जातो.”

खाडीच्या वळणापर्यंत तो लंगडत गेला. तिथून सरळ पायांनी परत आला आणि अनोळखी बाईला विचारावं तसं त्यानं तिला विचारलं, डोंगरावरची वाट कुठली. येसूनं हात करून दाखवली.

आजही सोंग ‘जातो’ म्हणालं की घरची बाई त्याला त्याच्याच घराची वाट दाखवते. सोंग शेजारचंच असलं तरी दाखवते, आणि ते वळणाआड होईपर्यंत दारातून हलत नाही. हसताय? हसा. निघताना तुम्हालाही दाखवतील. नीट बघून घ्या.