दगडाखालचे कागद

“…आणि सुनेचं नाव सासरच्या रेशनकार्डात नसेल तर?” फकीर गुलाबशा बाबांनी विचारलं.

“अपात्र!” मुकिंदानं पापणी लवायच्या आत उत्तर दिलं.

सरकारच्या मोफत उपचार योजनेचे सगळे नियम बाबांच्या या चेल्याला तोंडपाठ होते. दोन दिवस तो बाबांच्या तकियाच्या अंगणात बसून गोरगरिबांचे अर्ज तपासत होता. पुढ्यात दोन गठ्ठे. एक पात्रांचा, एक अपात्रांचा. दोन्हींवर एकेक दगड.

“बाबा, तालुक्याच्या साहेबालाही हे इतक्या झपाट्यानं जमायचं नाही!”

“खरंय बेटा. त्याला चहाला उठावं लागतं.”

समोर कडुनिंबाखाली सुगंधा धापा टाकत बसली होती. तिच्या काळजाची झडप बिघडली होती. पुढल्या मंगळवारी ऑपरेशन. पण योजनेत बसली तरच.

“हिचं काय?”

“माहेरच्या कार्डातून नाव कमी केलंय म्हणते. सासरच्या कार्डात चढवलेलं नाही; त्याला माहेरचा दाखला लागतो. कागदावर ती कुठंच नाही, बाबा.”

“कुठंच नाही…” बाबा तिच्याकडं बघत राहिले. “मग ह्या धापा कोण टाकतंय?”

मुकिंदानं तिचा अर्ज अपात्रांच्या दगडाखाली सरकवला.

बाबा उठले. अपात्रांच्या गठ्ठ्यावरचा दगड त्यांनी अलगद उचलून घेतला.

वारा जणू टपलेलाच होता. भर्रकन सगळे कागद उडाले.

“अहो बाबा! काय केलंत हे!”

मुकिंदा धावत सुटला. एक कागद हौदाच्या काठावर, एक बकरीच्या तोंडाशी. त्याची तारांबळ बघून सुगंधाला दमातही हसू फुटलं. तिचाच अर्ज कडुनिंबाच्या बुंध्याला उलटा चिकटून फडफडत होता. मुकिंदानं झडप घालून तो धरला आणि जागीच थांबला. मागच्या बाजूला टाचणीनं एक चिठोरी लावलेली होती.

“माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला! वहिनी, बोलला का नाहीत?”

“तुम्ही कागद उलटलाच नाही, भाऊ.”

“बाबा! हा आज कचेरीत दिला तर मंगळवारच्या आत सासरच्या कार्डात नाव चढेल! बसते ती योजनेत! बसते!”

त्यानं सायकल ओढली. पाचला कचेरी बंद व्हायची. फाटकाशी मात्र तो थबकला. हातातल्या बाकीच्या कागदांकडं बघत हळूच म्हणाला, “बाबा… ह्यांच्याही पाठी मी बघितल्या नाहीत.”

बाबांनी अपात्रांवरचा तो दगड त्याच्या तळहातावर ठेवला.

“वाटेत नदी लागते. तिथं हा सोडून ये.”