खिंडीतला नगारा

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कोणी उरले नाही, म्हणून आपण त्याला नुसते खोऱ्यातले राज्य म्हणू.

चहूकडे डोंगर आणि आत येणारी एकच खिंड. खोऱ्यात नीळ अशी पिकायची की दूरदूरचे रंगारी तिच्यासाठी वाट पाहायचे. बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन खिंडीपर्यंत येत, राजाच्या तिथल्या कोठीत ते उतरवत आणि नीळ लादून परत जात. माल खाली-वर करायचे काम कोठीवरच्या शिपायांचे. खोऱ्यातल्या माणसांनी तांडा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यांना तांडा ठाऊक होता तो कानांनी.

कारण खिंडीत एक नगारा होता. शंभर बैल आले की एक ठोका, असा शिरस्ता. बारा ठोके ऐकू आले की खाली लोक म्हणत, औंदा बरे दिवस आहेत, आणि त्या हिशेबाने नीळ पेरत. ज्वारीची शेते वर्षावर्षाने आखडत चालली होती. धान्य वरून येतेच आहे, तर पिकवायचे कशाला?

नगारा वाजवणारा एकटाच राहत असे. बायको कधीच गेली होती, एकुलती लेक खाली खोऱ्यात नांदत होती. नगारा सोडून खाली उतरायचे नाही, अशी त्याच्या चाकरीची अट होती. पण त्याला एकटे वाटत नसे. तांडे यायचे, तांडेवाले चिलीम ओढत बसायचे, दहा देशांच्या गप्पा व्हायच्या. त्यांच्या बैलांच्या शेणाच्या गोवऱ्या तो थापून ठेवी आणि लेक आली की पाटीभर बांधून देई.

एका दिवाळीनंतर मोजून चाळीस बैलांचा तांडा आला. त्याचा म्हातारा नायक चिलीमही न पेटवता बसून राहिला. त्याने सांगितले ते असे, की सगळ्याच राज्यांतले बाजार थंड पडलेत. लोक नवी वस्त्रे घेईनात, म्हणून रंगारी बसून आहेत. रंगाऱ्यांना नीळ नको, म्हणून आमचे बैल माळावर मोकळे चरताहेत. चूक कोणाची म्हणावी तर कोणाचीच दिसत नाही. एवढे बोलून तो गेला. त्यानंतर खिंडीत घुंगरू वाजले नाही.

नगारचीने राजाला निरोप धाडला. राजा स्वतः वर आला, बरोबर वृद्ध प्रधान होता. दोघांनी तो रिकामा रस्ता बराच वेळ पाहिला. प्रधान म्हणाला, लोकांना खरे सांगावे, नीळ सोडून ज्वारी पेरायला लावावी, आणि रिकाम्या हातांना गाळाने भरलेल्या तळ्याच्या कामावर घ्यावे.

राजा वाईट नव्हता, घाबरलेला होता. "नगारा थांबला की लोकांचा धीर सुटेल," तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. चार महिन्यांत तांडे येतील. तोवर कोठीतले धान्य खाली जाऊ द्या, आणि नगारा वाजता ठेवा."

नगारचीने गुपित राखायची शपथ घेतली. शिपायांनीही घेतली. आणि दर आठवड्याला तो मोकळ्या रस्त्याकडे पाठ करून न आलेल्या बैलांचे ठोके देऊ लागला. कधी दहा, कधी पंधरा.

खोटे बोलणाऱ्याला निदान कोणाशी तरी बोलावे लागते. याला तेही नव्हते. ठोका दिला की आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, आणि त्याला वाटायचे की आपण आपल्यालाच फसवतो आहोत. बोलायला कोणी नाही, आणि कोणी आले तरी बोलायचे नाही. असे एकटेपण त्याने बायको गेली तेव्हाही भोगले नव्हते.

पेरणीला पंधरा दिवस उरले तेव्हा लेक आली. फडक्यात भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ती आनंदात होती. मागच्या आठवड्याचे सतरा ठोके ऐकून तिच्या नवऱ्याने उरलेला ज्वारीचा तुकडाही निळीसाठी नांगरून ठेवला होता. बाप घास चघळत राहिला.

निघताना तिने पाटी पुढे केली. "बाबा, गोवऱ्या?"

"शिपायांनी नेल्या," तो म्हणाला.

पलीकडचा रस्ता दिसायला तिथून दहाच पावले चालायची होती. पण जिने बापाचा नगारा ऐकला आहे ती लेक कशाला चालेल? रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी राजाचा हुकूम आला. पेरणी तोंडावर आहे, लोकांना हुरूप यावा म्हणून या वेळी पंचवीस ठोके द्यावेत. कोठीवरच्या शिपायाने जाता जाता हळूच सांगितले की आत धान्य उरले आहे ते जेमतेम तीन महिन्यांचे.

नगारचीने टिपऱ्या उचलल्या. त्याच्या डोळ्यांपुढे तो नांगरलेला तुकडा आला. त्यात नीळ पडली तर पुढच्या वर्षी लेकीच्या चुलीवर काय शिजणार होते? त्याने टिपऱ्या खाली ठेवल्या आणि त्यांवर बसून राहिला.

पहिले दोन दिवस खाली लोक म्हणाले, म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल. पाचव्या दिवशी मात्र सगळे खोरे खिंड चढून वर आले. इतके महिने तो माणसांच्या आवाजासाठी आसुसला होता, आणि आज शेकडो माणसे समोर होती. त्याच्या शेजारून तीच दहा पावले चालून सगळे रस्त्यावर पोहोचले. रस्त्यावर गुडघाभर गवत वाढले होते.

"कधीपासून?" एका म्हातारीने विचारले.

"सात महिने झाले," तो म्हणाला.

कोणी त्याला शिवी दिली नाही, हात लावला नाही. लोक आले तसे उतरून गेले. लेक सगळ्यांच्या मागे थांबली होती.

"मी गोवऱ्या मागितल्या होत्या," ती म्हणाली. "तेव्हा तरी सांगायचं होतं, बाबा."

पेरणीला अजून आठ दिवस होते, तेवढे पुरले. ज्याला जिथे जमले त्याने तिथे ज्वारी टाकली. राजा संतापून खिंडीकडे निघाला होता, पण वाटेत पेरणारी माणसे पाहून त्याचा राग ओसरला. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे त्याला उशिरा का होईना उमगले. त्याने कोठी उघडली, तळ्याचा गाळ काढायला लोक लावले आणि मजुरी म्हणून धान्य वाटले. दोन वर्षे सगळ्यांनी अर्धपोटी काढली, पण भुकेने कोणी गेले नाही. तळे मात्र असे भरले, जसे आजोबांच्या वेळीही भरले नव्हते. लोकांनी राजाला माफ केले. तळ्यावर तो रोज दिसायचा. खिंडीतला माणूस कोणालाच दिसत नव्हता.

तिसऱ्या वर्षी लांबून घुंगरू वाजले. म्हाताऱ्याने बैल मोजले, दोनदा मोजले, आणि नऊ ठोके दिले. डोळ्यांतले पाणी त्याने पुसलेही नाही.

खाली कोणी निळीचे बी काढले नाही. सकाळी घराघरातून एकेक माणूस खिंड चढून आला, बैल मोजून गेला. तेव्हापासून तसाच शिरस्ता पडला. नगारा वाजला की लोक यायचे, त्याच्या शेजारून जायचे, रस्ता पाहायचे आणि परतायचे.

लेकही आली. फडक्यात भाकरी होती, काखेत पाटी होती. म्हातारा उठून उभा राहिला.

ती त्याच्यापाशी थांबली नाही. ती आधी दहा पावले चालली, रस्त्यावरचे बैल मोजले, आणि मग त्याच्याकडे वळली.

तात्पर्य: पडता काळ उघड सांगितला तर हात कामाला लागतात आणि तो निभतो, झाकला तर काळ सरल्यावरही गेलेला विश्वास परत येत नाही.