भुजंगच्या रानातले दगड

नदीकाठच्या एका गावात भुजंग नावाचा शेतकरी राहत असे. माणूस मनाचा चांगला, पण वाकायचं काम म्हटलं की कपाळाला आठ्या. त्याच्या रानात दरसाल हरभरा पिके. वाळलेले घाटे झडू नयेत म्हणून पहाटेच्या दवात झाडं हातांनी उपटावी लागत. झाडांवरची आंब, म्हणजे आंबट खार, लागून त्याची बायको कौतिका हिच्या तळव्यांना भेगा पडत. होळीला पोळीची कणीक मळताना मिठाने हात असे झोंबत की तिच्या डोळ्यांत पाणी येई. भुजंगला ते बघवत नसे.

एका वर्षी तो म्हणाला, "औंदा तू रानात वाकायचं न्हाई. म्या यंत्र आणतो."

त्याने उंच वाढणाऱ्या हरभऱ्याचं बियाणं आणलं आणि शेजारगावच्या निवृत्तीचं कापणीयंत्र ठरवलं. निवृत्तीने पेरणीआधीच बजावलं, "रानातले दगड तेवढे वेचून घ्या." भुजंग मनात हसला. यंत्र येणार म्हटल्यावर कंबर कशाला मोडून घ्यायची?

सुगीला यंत्र आलं. पातं जमिनीलगत येताच दगडांवर खडखडलं. निवृत्तीने ते वीतभर वर उचललं आणि तसंच चालवलं. वरचे घाटे मिळाले, खालचे खोडालाच राहिले. कौतिका पदर खोचून खाली बसली आणि राहिलेलं उपटू लागली.

भुजंग चिडला. "कसलं रं तुझं यंत्र? निम्मं पीक सोडलंस."

"दादा, यंत्र कापणी करतं," निवृत्ती म्हणाला. "दगड वेचत न्हाई."

त्या होळीला कौतिकाचे हात पुन्हा झोंबले. भुजंगला पोळी गोड लागली नाही. उन्हाळा लागताच तो पाटी घेऊन रानात उतरला. रोज सकाळी वाकून दगड वेचायचा आणि बांधावर नेऊन रचायचा. येणारेजाणारे म्हणत, "यंत्रवाले, कंबर सांभाळा." तो नुसता हसे आणि पुढचा दगड उचले.

पुढच्या सुगीला पातं जमिनीलगत सरसर फिरलं. उपटायला काहीच उरलं नाही. कौतिका बांधावरच्या दगडांवर बसून निवांत बघत होती.

होळीला तिने कणकेत मीठ टाकलं आणि मळायला घेतली. भुजंग दारात उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघू लागला.

"असं काय बघताय?"

"हात झोंबत न्हाईत ना?"

कौतिकाने हात उलटसुलट करून पाहिले. "इसरलेच की मी," ती म्हणाली. त्या दिवशी भुजंग पोटभर जेवला.

तात्पर्य: यंत्र आपले कष्ट हलके करतं, पण त्याची वाट आधी आपल्यालाच वाकून साफ करावी लागते.