थंड आवा

फार फार वर्षांपूर्वीची, वर्तमानपत्रं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तुमच्यापैकी ज्यांना पुढे बातमीदार व्हायचंय त्यांनी जरा पुढे सरकून बसावं. बाकीच्यांनीही उठू नये. बातमी देणारे थोडे असतात, तिच्यावर विश्वास ठेवणारे आपण सगळेच.

एका राज्यात नदीकाठच्या गावी एक म्हातारा दवंडीवाला राहत होता. काही घडलं की तो गळ्यात हलगी अडकवायचा आणि गावाच्या सातही चौकांत उभा राहून ते सांगायचा. त्याच्या घराण्याची एक रीत होती. ज्याच्याबद्दल दवंडी, त्याच्या दारात आधी जायचं. काय सांगणार ते त्याला ऐकवायचं, त्याचंही ऐकून घ्यायचं. मगच हलगीला हात लावायचा.

त्याच्याकडे एक मुलगी हे काम शिकायला आली. आवाज असा खणखणीत की पल्याडच्या काठावरची गुरं मान वर करून बघत. तिला वाटलं, आठ दिवसांत हलगी मिळेल. म्हाताऱ्याने तिला वर्षभर नुसतं दारोदार हिंडवलं.

“बाबा, मी बोलायला शिकायला आलेय,” ती एकदा वैतागून म्हणाली.

“बोलता तुला येतंच की,” म्हातारा हसला. “ऐकायचं राहिलंय.”

मग एक दिवस म्हातारा तापाने आडवा झाला, आणि नेमक्या त्याच सकाळी गावाबाहेरच्या कडब्याच्या गंजी पेटल्या. गुरांचा वर्षाचा चारा तासाभरात राख झाला. जो तो म्हणू लागला, “कुंभाराच्या आव्यातली ठिणगी उडाली.” आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, आणि ती कुंभाराच्या अंगणात, गंजींच्या शेजारीच होती.

म्हाताऱ्याने मुलीच्या हाती पहिल्यांदा हलगी दिली. रीतीची आठवणही करून दिली. पण कुंभाराचं घर गावाच्या पार त्या टोकाला, आणि त्यात बाजाराचा दिवस. आपण जाऊन येईपर्यंत व्यापारीच बातमी सगळीकडे नेतील, मग आपल्याला कोण विचारणार? आणि एवढे लोक सांगतात ते काय खोटं असेल? तिने सरळ पहिला चौक गाठला.

“ऐका हो ऐका! कुंभाराच्या आव्याने गावाचा चारा जाळला!”

काय तो आवाज लागला होता! सातही चौकांत लोकांनी वाहवा केली आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. दुपारी तेच लोक कुंभाराच्या अंगणात शिरले. त्यांनी त्याची मडकी फोडली आणि त्याला बजावलं, दिवस मावळायच्या आत गाव सोड.

हे कानावर येताच म्हातारा तापातच उठला. मुलीला घेऊन तो कुंभाराकडे गेला. अंगणभर चुरा पडला होता. कुंभारीण बोचकी बांधत होती, चाक गाडीत चढलं होतं.

“आव्याला हात लाव,” म्हातारा म्हणाला.

तिने लावला. आवा थंडगार होता.

“पाच दिवस झाले, पेटवलाच नाही,” कुंभार म्हणाला. “मडकी वाळायची होती अजून. पोरी, तू आली असतीस तर दाखवलं असतं मी.”

ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती खाली मान घालून म्हणाली, “मग आग कशानं लागली?”

“मला नाही ठाऊक. तुला ठाऊक आहे?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग तेवढंच सांग.”

“बाबा, चूक कबूल केली तर पुन्हा माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?”

म्हाताऱ्याने गाडीकडे बोट दाखवलं. कुंभार गाडीला बैल जुंपायला लागला. मुलीने हलगी गळ्यात घातली आणि ती धावत सुटली.

“ऐका हो ऐका! सकाळी मी न बघता बोलले. आवा पाच दिवस थंड आहे. चूक माझी आहे. आग कशानं लागली ते मला ठाऊक नाही!”

कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. पण एकेक जण जाऊन आव्याला हात लावून आला आणि मान खाली घालून परतला. लोकांनीच कुंभाराच्या गाडीचे बैल सोडले. सातव्या चौकात मुलीचा आवाज पार बसला, तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन कुंभारीण समोर उभी होती.

“घे बाई. सकाळपासून ओरडतेयस.”

ते पाणी पिताना ती रडली.

दोन वर्षांनी, एका दुपारी, तिने पुन्हा सात चौकांत सांगितलं, “वरच्या बंधाऱ्याला भेग पडली आहे. मी स्वतः तिथे जाऊन, राखणदाराशी बोलून आलेय. बंधारा किती टिकेल ते मला ठाऊक नाही.” कुणी पुरावा मागितला नाही. “चुकली तर चुकले म्हणणारी आहे ती,” असं म्हणत माणसं पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन टेकडीवर गेली. संध्याकाळी गाव पाण्याखाली होतं आणि माणसं सगळी वर होती.

लोक तिच्या पाया पडू लागले. तिने म्हाताऱ्याचे पाय धरले, मग कुंभारणीला मिठी मारली. “आभार मानायचेत तर हिचे माना,” ती म्हणाली. “त्या दिवशी हिने पाणी दिलं म्हणून मी हलगी खाली ठेवली नाही.”

पुढे तिच्याकडे जो कुणी शिकायला येई, त्याला ती पहिल्या दिवशी कुंभाराच्या अंगणात नेई आणि आव्याला हात लावायला सांगे.

तात्पर्य : ज्याची बातमी, त्याच्या दारात आधी जावं, आणि चुकलो तर ज्या आवाजात चुकलो, त्याच आवाजात ते कबूल करावं.