खुंटीवरची नळी

एकदा एका टेकडीवरच्या देवळाच्या नगारखान्यात एक वृद्ध सनईवादक आणि त्याला अण्णा म्हणणारा त्याचा शिष्य वाजवीत असत. वृद्धाच्या सनईतून राग उलगडत जाई आणि शिष्य खाली सूर धरी. सूर धरणे म्हणजे एकच स्वर अखंड फुंकत राहणे. गालांत वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकाने नवा श्वास ओढायचा, आणि मधे केसाएवढीही फट पडू द्यायची नाही. ऐकणारे वाहवा करतात ती वरच्या सनईची. सूर धरणाऱ्याकडे कुणाचे लक्ष गेलेच, तर ते सूर तुटल्यावर.

आणि सूर तुटत होता. शिष्याने शाळा सोडली की शाळेने त्याला सोडले, यावर गावात दोन मते होती. पण शाळा सुटली त्याच सुमारास त्याला बिडी लागली, यावर एकमत होते. आता आरतीच्या वेळी त्याच्या छातीत घरघर सुरू होई आणि ऐन भरात खोकल्याची उबळ येई.

देवळाचे पंच एकदा जिन्याखाली उभे राहून म्हणाले, "यंदाच्या उत्सवात खोकलास, तर विजेची सूरपेटी आणून ठेवतो. ती खोकत नाही."

"जेवतही नाही," शिष्य म्हणाला. "तुमचं भलंच आहे."

पण रात्रंदिवस त्याला तेच खुपत होते. नगारखान्यातली ती जागा गेली, तर या जगात त्याची दुसरी जागा नव्हती.

अशात आखातात अत्तरे विकून परतलेला एक व्यापारी दर्शनाला आला. खाली उभा राहून त्याने सनई ऐकली आणि खोकलाही ऐकला. मग जिना चढून वर आला आणि शिष्याच्या हातावर एक चपटी, करंगळीएवढी नळी ठेवली.

"मीही बिडीवर बिडी ओढायचो," व्यापारी म्हणाला. "शेवटी गिऱ्हाइकांना गुलाबाच्या अत्तरातही बिडीचाच वास यायला लागला. मग हिच्यावर आलो. शहरात हिला ई-सिगारेट म्हणतात. हे काही तुळशीचं पान नाही, ते आधीच सांगतो. पण हिच्यात काही जळत नाही. राख नाही, धूर नाही, वाफ असते. वेलदोड्याची चव आहे. बघ जमतंय का."

जमले. बिडी सुटली. आधी छातीतली घरघर गेली, मग खोकला गेला, आणि एका सकाळी सूर असा सरळ निघाला की कळसावरचे पोपटसुद्धा क्षणभर गप्प बसले. निदान शिष्याला तरी तसे वाटले.

पण आपल्याकडे एखाद्याचे बरे चालले, की वडीलधाऱ्यांना ते नीट दिसावे म्हणून डोळे बारीक करावे लागतात. पंच पुन्हा जिन्याखाली आले. गालात आधीची तंबाखू, तळहातावर नवी, अंगठ्याने चुना मळणे चालू.

"एक खुंटा सोडलास आणि दुसऱ्याला बांधून घेतलंस," ते म्हणाले. "गुलाम तो गुलामच, बाळा."

"आधी तोंडातली पिंक टाकून या," शिष्य म्हणाला. "शब्द ओले येतायत."

उत्तर तर दिले, पण शब्द रुतला. गुलाम. मग तो स्वतःवर पाळत ठेवू लागला आणि जे दिसले त्याने हादरला. आंघोळीला बसला, तर नळी तोंडात. आईशी बोलताना तिचे निम्मे बोलणे वाफेत विरून गेले, आणि आपण नळी कधी काढली हेच त्याला आठवेना. देवासमोर हात जोडायला गेला, तर एका हाताने खिसा चाचपून झाला होता. देव थांबला होता, खिसा नाही.

संतापाने त्याने खाली टपरीवरून बिड्यांचा पुडा घेतला, नगारखान्याचा जिना चढला आणि कठड्याशी उभे राहून नळी खालच्या तळ्यात भिरकावण्यासाठी हात उगारला.

"काय टाकतोस?" मागून वृद्धाने विचारले.

"मालक."

"आणि खिशात काय आहे?"

"जुना मालक. गुलामीच करायची ना, मग त्याची करतो. त्याला निदान कुणी नावं ठेवत नाही. पंचांचे वडीलही ओढायचे."

"उत्सव तोंडावर आलाय. पुन्हा खोकला धरेल."

"धरू दे. आणा म्हणावं ती पेटी."

आता अण्णा कीर्तन लावणार, अशी शिष्याची खात्री होती. म्हाताऱ्यांना ही संधी सोडवत नाही. पण वृद्धाने शांतपणे विचारले, "सनई उचलताना काय करतोस?"

"नमस्कार."

"आणि ठेवताना?"

"नमस्कारच. तुम्हीच शिकवलंत."

"कधी बोलता बोलता, न बघता, सनई तोंडाला लावलीस?"

"सनई म्हणजे काय शेंगदाणे आहेत, अण्णा?"

वृद्धाने हात पुढे केला. शिष्याने नळी त्यात टाकली. वृद्धाने पेटीतून आपल्या पहिल्या सनईची जुनी रेशमी पिशवी काढली. तिच्यात त्याने आयुष्यात दुसरे काही ठेवले नव्हते. तिच्यात त्याने ती नळी ठेवली, नाडी ओढली आणि भिंतीवर दोन सनयांच्या मधल्या खुंटीला ती अडकवली.

"पुडा तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "नळी हवी झाली की इथे वर यायचं. बसायचं. नमस्कार करायचा आणि मग मनसोक्त ओढायची. झाली की पुन्हा नमस्कार करून खुंटीला. इथून खाली न्यायची नाही."

"प्लास्टिकच्या नळीला नमस्कार? डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं असेल. तू कर."

शिष्याला वाटले, ही थट्टा आहे. रागावून तो खाली गेला. थोड्याच वेळात हात आपोआप खिशात गेला, पण बोटांना पुडा लागला. त्याने तो बाहेर काढला, दोऱ्याच्या गाठीवर नख ठेवले. वर सूर लावणाऱ्या वृद्धाची सनई ऐकू आली. साथीला सूर धरायला कुणी नसल्याने ती एकटी, पोरकी वाजत होती. त्याने पुडा परत ठेवला आणि शिव्या देत जिना चढला. अर्ध्या जिन्यात थांबला. हवे होते खरे, पण आता तितकेसे नव्हते. तो परत उतरला. पुढच्या खेपेला मात्र वरपर्यंत गेला, इकडेतिकडे पाहून चोरट्यासारखे हात जोडले आणि नळी काढली.

फुलांच्या माळा बांधायला नगारखान्याच्या सावलीत बसणाऱ्या म्हातारीने मान वर करून ते नेमके पाहिले.

"काय रे, नळीला नवस बोललास का?"

"बोललो, मावशी. तुझी जीभ आखूड होऊ दे म्हणून."

"मग मोठा नवस बोल. लहान नवसाला ती ऐकायची नाही."

तो हसला, आणि बऱ्याच दिवसांत आपण हसलो नव्हतो, हे त्याच्या लक्षात आले.

असेच काही दिवस गेले. कित्येकदा जिन्याच्या पायथ्याशीच इच्छा विरे. कित्येकदा टिके, मग तो चढे, बसे, हात जोडे. एका दुपारी वादनाचा सराव उत्तम झाला होता. कमानीतून डोंगराकडचा वारा येत होता. त्याने नमस्कार केला, नळी तोंडाला लावली आणि थबकला. वेलदोडा. खराच वेलदोडा होता की. आजवर नळी ओढत होता तो, पण चव भलताच कुणी घेत होता. त्याने वाफ सोडली. ती कमानीत गोल फिरली, उन्हात चकाकली आणि कळसाच्या दिशेने निघून गेली. त्याला इतके बरे वाटले की चोरी, शरम, पंच, सगळे त्या वाफेबरोबर गेले. नळी पिशवीत ठेवताना त्याने नमस्कार केला, आणि या वेळी इकडेतिकडे पाहिले नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "हे काय केलंत? नळी तीच आहे. पण आता ती मला ओढत नाही."

वृद्ध पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "बाळा, माणूस वस्तूचा दास होतो तो नकळत उठलेल्या हाताने. नमस्कारात आहे काय? एक क्षण. पण त्या क्षणात तू स्वतःला विचारतोस, खरंच हवंय का? हवं असेल तर आनंदाने घे, लाजू नकोस. नको असेल तर जिना उतर. दोन्ही वेळा ठरवणारा तूच. जे विचारून घेतलंस ते तुझं झालं. जे बोलता बोलता हातात आलं, त्याचा मात्र..."

इथे वृद्धाचे बोलणे अडले, कारण त्याचा अंगठा आणि तर्जनी नाकाशी होती. कमरेची डबी कधी निघाली, झाकण कधी उघडले, चिमूट कधी उचलली गेली, हे त्याला कळले नव्हते. शिष्याने सगळे पाहिले होते.

"अण्णा," तो अत्यंत आदराने म्हणाला, "नमस्कार राहिला."

वृद्ध शिंकला.

"तपकीर वेगळी," डोळे पुसत तो म्हणाला. "औषध आहे ते. डोकं हलकं राहतं."

"गेल्या उत्सवात ऐन आलापीत शिंकलात. लोकांना वाटलं हरकत घेतली. मी खाली सूर धरून बसलो होतो, मला माहीत आहे ती काय होती. आपण नाकाने श्वास घेतो, तुम्हीच शिकवलंत. मग नाकात चिखल का भरता?"

इतके स्पष्ट त्या वृद्धाशी कुणी बोलले नव्हते. त्याने डबीचे झाकण लावले. शिष्याने खिशातून पुडा काढला. त्याचा दोरा अजून तसाच बांधलेला होता. वृद्धाने तो दोरा सोडला, बिड्या प्रसादाच्या चुलीकडे धाडल्या आणि त्याच दोऱ्याने डबी बांधून रेशमी पिशवीशेजारी अडकवली.

त्यानंतर नगारखान्यात काही दिवस फार करमणुकीचे गेले. वृद्ध खुंटीपाशी येई, भिंत झाडायची आहे असे सांगे आणि वीज चमकावी तसे हात जोडी.

"एवढ्या घाईचा नमस्कार तुम्ही देवालाही करत नाही," शिष्य म्हणे.

"गप रे," वृद्ध म्हणे, आणि पुष्कळदा डबी न घेताच परत फिरे.

उत्सव आला. टेकडी माणसांनी भरली. पंचांनी सूरपेटी खरोखरच आणली होती. ती खाली खोक्यात तयार होती. वर दोघांनी आपापल्या सनईला नमस्कार केला. शिष्याने खुंटीकडे पाहिले. हवी का? आत्ता नको. त्याने गाल भरले.

सूर लागला आणि लागलेलाच राहिला. वृद्धाची सनई त्यावर चढली, उतरली, नाचली. तिलाही आज मोकळा श्वास होता. आरती टिपेला पोचली. आणि त्या क्षणी वृद्धाने कधी केले नव्हते ते केले. त्याने आपली सनई खाली घेतली. उरला तो नुसता सूर, एकटा, सरळ, टेकडीवरून पलीकडच्या डोंगरापर्यंत तोललेला. सूर तुटला नसतानाही लोकांनी पहिल्यांदाच मान वर करून सूर धरणाऱ्याकडे पाहिले. माळा बांधणाऱ्या मावशीने तर दोरा खाली ठेवला. मग वृद्धाची सनई हसत परत आली.

संपल्यावर पंच धापा टाकत जिना चढून आले.

"जमलं की रे. पेटी परत पाठवतो," ते म्हणाले. "म्हणजे ती नळी सोडलीस तर."

"नाही. ती काय, खुंटीवर आहे."

शिष्य उठला. पंचांसमोरच खुंटीला हात जोडले, नळी काढली, ऐसपैस बसला आणि वेलदोड्याची वाफ कमानीतून सोडली. "मजा येते," तो म्हणाला. पुन्हा नमस्कार करून त्याने नळी जागेवर ठेवली.

"पण व्यसन ते व्यसनच, बाळा," पंच म्हणाले. "माणसानं कसं मोकळं असावं. आता आम्हीच बघ..." आणि हे बोलता बोलता त्यांनी तळहातावरची तंबाखू खालच्या ओठात सोडली.

वृद्धाने शिष्याकडे पाहिले. शिष्याने वृद्धाकडे. मग दोघांनी एकाच वेळी पंचांना हात जोडले.

पंचांना वाटले, आपला मान ठेवला. ते प्रसन्न होऊन जिना उतरले.

तरुणांना गुलाम म्हणण्याआधी वडीलधाऱ्यांनी आपापली डबी चार दिवस खुंटीला अडकवून पाहावी.