शेवंतीचा मान

नदीला विचारा, डोंगराला विचारा, तेही सांगतील की सातविणवाडीत शेवंती नावाची एक पोर होऊन गेली. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा एसटी नदीपलीकडेच थांबायची, आणि मधला लाकडी साकव ओलांडला की जे काही असेल ते वाडीसाठी परमुलूखच.

शेवंतीचा बाप लखू धनावडे घरं शाकारायचा. वैशाखात छपरावर चढून कौलं परतणं हे त्याचं काम, आणि खालून कौल वर टाकायची ती शेवंती. लखूने पोरीला एकच नियम शिकवला होता: वरचा हात दिसल्याशिवाय कौल सोडायचं नाही. तिने सोडलेलं कौल बापाच्या तळव्यापाशी येऊन क्षणभर थांबायचं. एकदा त्याला ऐन वेळी शिंक आली, तर शिंक होईपर्यंत कौल हवेत थांबून राहिलं, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

त्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या मालतीबाई वाडीत लग्नाला आल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि वाढलेलं पान सोडून लखूच्या अंगणात आल्या. "ही पोर मला द्या," म्हणाल्या. "बास्केटबॉल खेळेल, कॉलेज शिकेल. वसतिगृहात मी सांभाळते तिला."

शेवंती मॅट्रिक झाली होती. पण शिकण्यासाठी बाहेर राहिलेली पोरगी वाडीने पाहिली नव्हती. गावाची बैठक बसली. वाडीचे प्रमुख, म्हणजे गावकर, होते सोनू पाष्टे, शब्दाचे कडक. ते म्हणाले, "जाऊ दे तिला. पण हसं करून परत आली, तर याच्यापुढं वाडीची एकबी पोर शिकायला साकव ओलांडायची न्हाय." लखूने मान डोलावली. आपल्या एका पोरीच्या मागे वाडीच्या सगळ्या पोरी उभ्या आहेत, हे त्याला तेव्हा कळलं.

आणि झालं भलतंच. मैदानात शेवंती चेंडू द्यायची तो मैत्रिणीच्या हातात अलगद येऊन बसायचा. पण खांबावरच्या लोखंडी कड्यात टाकायची वेळ आली की ती थबकायची. मालतीबाई सांगून सांगून थकल्या. शेवंती म्हणायची, "बाई, तिथं हात कुठं हाय? पडंल की खाली." एक सामना गेला, दुसरा गेला. वाईट बातमीला साकव लागत नाही, ती उडत येते. गावकर म्हणाले, "लखू, पोरीला घेऊन ये."

लखू गेला. मैदानाच्या कडेला उभं राहून त्याने खेळ पाहिला, आणि हसावं की रडावं त्याला कळेना. त्याचीच शिकवण पोरीला आडवी आली होती. त्याने धोतराचा काचा मारला, खांबावर सरसर चढला, कड्यामागच्या फळीवर बसला आणि कड्यावर दोन्ही हात धरून म्हणाला, "सोड गो बाय."

शेवंतीने सोडला. चेंडू बापाच्या हातात आला, त्याने तो कड्यातून खाली सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. दिवस मावळेपर्यंत हेच. मधेच लखूने हात मागे कधी घेतले ते ना तिला कळलं, ना मालतीबाईंना. चेंडू मात्र कड्यातून जातच राहिला.

लखू एकटाच घरी आला. "पोर कुठाय?" गावकरांनी विचारलं. "खेळतेय," लखू म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

मग काय विचारता! कॉलेज संपेपर्यंत शेवंती पुन्हा हरली नाही, असं म्हणतात. मैदानाच्या या टोकावरून टाकला तरी चेंडू त्या टोकाच्या कड्यात. एकदा वारा आडवा आला, तर चेंडू वाऱ्याला वळसा घालून गेला, असंही म्हणतात. कुणी विचारलं की ती सांगायची, "तिथं बाबाचं हात दिसत्यात." पुढे लखू वारला, तरी ते हात तिला दिसत राहिले.

तिच्या शेवटच्या सामन्याला गावकर स्वतः गेले. म्हणे तालुक्याला काम होतं. कसलं काम नि कसलं काय! खेळ बरोबरीत, शेवटचा चेंडू शेवंतीच्या हातात. तिने वर पाहिलं. लोक सांगतात, त्या क्षणी सोनू पाष्टे गर्दीत दोन्ही हात उंच धरून उभे होते, आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. चेंडू कड्यातून गेला. म्हातारा मटकन खाली बसला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला.

त्याच वर्षी वाडीची दुसरी पोर, यमुना, कॉलेजला निघाली. साकवाशी गावकर उभे. त्यांना पाहून तिची आई पोरीच्या पुढे होऊन उभी राहिली. पण त्यांनी यमुनेची ट्रंक उचलून आपल्या डोक्यावर घेतली. "मी वाट अडवून टाकली हुती, शेवंतीनं ती मोकळी केली," ते म्हणाले. "तिचं उपकार हायत आपल्यावर." आणि एसटीपर्यंत ट्रंक पोचवून आले.

तेव्हापासून वाडीत शेवंतीचा मान चालतो. शिकायला निघालेल्या पोरीचं सामान गावकराने डोक्यावरून नदीपार न्यायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साकव सिमेंटचा झाला, ट्रंकांच्या बॅगा झाल्या, बॅगांना चाकं आली, तरी त्या जातात गावकराच्या डोक्यावरूनच.

आताचे गावकर सत्तरीपुढचे आहेत. यंदा खेपा घालून घालून ते मधेच साकवाच्या कठड्याला टेकले आणि वर बघत म्हणाले, "शेवंतीताय, दमवलंस गो मला." मग कंबर सरळ करून परत फिरले. नदीच्या अलीकडे बॅगा घेऊन अजून चार पोरी उभ्या होत्या.