पितळोबाच्या पोटातलं अर्धं वाक्य

एका राज्यात बळवर्मा नावाचा राजा होता. तलवार चांगली चालवायचा, घोडा चांगला पळवायचा, पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. प्रधानानं "महाराज, पूर्वेकडच्या" एवढं म्हटलं की हा म्हणायचा, "समजलं, बस खाली." काय समजायचं ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या राज्याच्या दरबारात एक पितळी पुतळा होता. दोन पुरुष उंच. लोक त्याला पितळोबा म्हणत. राजा जे बोलेल ते पितळोबा करी. त्याच्या पोटात खण होते. कोण, याचा एक खण. काय, याचा एक. कुणाला, कुठून, कधीपासून, यांचे निरनिराळे. आणि सगळ्यांच्या मधोमध मोठा खण होता तो शेवटच्या शब्दाचा, म्हणजे काय घडायचं आहे ते सांगणाऱ्या शब्दाचा. राजानं वाक्य उच्चारलं की एकेक शब्द आपापल्या खणात जाऊन बसे, शेवटचा बसला की पोटात घंटा वाजे, आणि सांगितलेलं घडे. विहीर खणा म्हटलं की विहीर. चोराला धरा म्हटलं की चोर. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

राणी वारली, तेव्हापासून राजा माणसांशी बोलेनासाच झाला. बोलायचं ते पितळोबाशी. पितळोबा उलट बोलत नाही, रडत नाही, हे त्याला बरं वाटे. राजाला एकुलती एक मुलगी, कुमुदा. तिनं पुष्कळ सोसलं. मग एक दिवस भर दरबारात ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी जिवंत आहे की"

राजानं पुढचं ऐकलंच नाही. त्याचं डोकं फिरलं. आणि त्या रागातसुद्धा तो मुलीकडे वळला नाही, पितळोबाकडे वळला. म्हणाला, "माझी मुलगी आजपासून या राज्यातून"

आणि थांबला.

मुलीचा चेहरा दिसला असेल. पुढचा शब्द आला नाही. पण आधीचे शब्द खणात जाऊन बसले होते. पितळोबा वाट बघत उभा राहिला.

तिकडे कुमुदा आपोआप चालू लागली. दरबारातून निघाली, बाजारातून गेली, राज्याच्या वेशीपाशी पोचली. एक पाऊल उंबऱ्याच्या आत राहिलं आणि दुसरं बाहेर टाकायला उचललं गेलं. ते तसंच हवेत राहिलं. डोळे उघडे, श्वास चालू, पण हाक ऐकू जाईना. वाक्य लटकलं, तशी मुलगी लटकली.

आणि शाप एवढ्यावर थांबला नाही. पितळोबाचा मधला खण रिकामा होता ना, त्याला शेवटच्या शब्दाची भूक लागली. राज्यात कुणीही बोलायला लागलं की त्याच्या बोलण्यातला शेवटचा शब्द तोंडातून निसटे आणि उडत दरबारात जाई. खणाला लागून बघे. वाक्य दुसऱ्याचं, शब्द दुसऱ्याचा, बसणार कसा? मग तो पितळोबाच्या पायाशी पडे. वाळवीच्या पंखांसारखा तिथं शब्दांचा ढीग साचला. लेकरू म्हणे, "आई, मला भूक" आणि पुढं नुसतं तोंड उघडं. नवरा बायकोला म्हणे, "तुझ्यावाचून मला" आणि बायको वाट बघत बसे. हळूहळू लोक बोलायचेच थांबले. घरं भरलेली होती, बाजार भरत होता, आणि जो तो आपल्या जागी एकटा होता.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. ज्याचं वाक्य त्यानंच पुरं करायचं. राजानं पितळोबासमोर उभं राहून "जावी" म्हटलं की घंटा वाजणार होती. राज्य सुटलं असतं. पण मग कुमुदा कायमची गेली असती, कारण पितळोबानं एकदा घालवलेलं माणूस पितळोबा पुन्हा आत घेत नसे. राजानं "राहावी" म्हणून पाहिलं. 'राज्यातून' शेजारी 'राहावी' काही बसेना. शब्द दणकन खाली पडला, त्याला पोचा आला. तेव्हा राजा गप्प झाला. प्रधान येऊन हात जोडी, वेशीकडे बोट करी, दारात बसलेल्या माणसांकडे बोट करी. राजा मान फिरवी. वर्षं गेली. रोज सकाळी तो वेशीवर जाई, मुलीच्या डोक्यावर ऊन आलं तर छत्री धरून उभा राही, आणि परत येई.

एकदा वेशीच्या कमानीवर धनेश पक्षी येऊन बसला. पाखरांवर राजाचं राज्य नव्हतं, म्हणून त्याचं बोलणं शाबूत होतं. तो म्हणाला, "राजा, छत्री धरून शाप सुटत असता तर छत्रीवाले देव झाले असते. ज्या ओतारणीनं हा पुतळा ओतला ती काळ्या डोंगरावर जिवंत आहे. तिला विचार."

राजा म्हणाला, "मी तिच्याकडे"

"जाशील. कळलं. चल."

राजा वेस ओलांडून गेला. मुलीच्या उचललेल्या पावलाशेजारून गेला. पलीकडे पोचला तशी त्याच्या तोंडात शेवटचे शब्द राहू लागले. इतक्या वर्षांनी पहिलं पुरं वाक्य तो बोलला ती धनेशाला घातलेली शिवी होती. धनेश म्हणाला, "आवाज बरा आहे."

काळ्या डोंगरावर ओतारीण भट्टीपाशी बसली होती. मंत्र जाणणारी, पितळ जाणणारी, पार वाळून गेलेली म्हातारी. राजानं आल्या आल्या सांगायला सुरुवात केली. तिनं हात वर केला.

"शब्द मागायला आलास. शब्द मी देत नाही. तीन कामं आहेत. कर, नाहीतर उतर खाली."

पहिलं काम धबधब्याचं. डोंगराच्या पाठीमागे एक धबधबा होता, तो बोलत असे. पण त्याच्या बोलण्याला सांधा नव्हता, सगळं एकात एक मिसळून खाली येई. ओतारणीनं सांगितलं, तो काय म्हणतो ते सुटं करून आण. राजा खडकावर बसला. सवयीप्रमाणे सुरुवातीचं थोडं ऐकून उठला आणि म्हणाला, पाणी गर्जना करतंय, झालं. ओतारणीनं त्याला परत पाठवलं. मग तो हातात खडे घेऊन बसला. जिथं एक शब्द संपतो असं वाटे तिथं खडा ठेवी, चुकला की उचली. कपडे भिजले, दाढी भिजली. शेवटी खड्यांची ओळ लागली आणि मधल्या जागांत शब्द दिसले. कुणीतरी. येईल. म्हणून. मी. वाहतो. आहे.

राजानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्याला वाटलं होतं, पाणी आहे, त्याला काय म्हणायचं असणार.

दुसरं काम झाडाचं. एका वठलेल्या झाडावर सहा पाखरं होती आणि प्रत्येकाला एकच शब्द येत होता. आईनं. दूध. तान्ह्या. पाजलं. कोमट. लेकराला. सगळी एकदम ओरडत होती, कान किटत होते. ओतारीण म्हणाली, "ज्याला त्याला त्याच्या जागी बसव. गप्प होतील."

राजाला हे सोपं वाटलं. दरबारात माणसं बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. रिवाजाप्रमाणे थोरलं पाखरू वरच्या फांदीवर, धाकटं खाली, बारीक चणीचं बुंध्याशी. पाखरं दुप्पट ओरडू लागली. त्यानं दरडावलं, तर एकानं बोटाला चोच मारली.

धनेश म्हणाला, "मानानं काय बसवतोस? कोण कुणाचं आहे ते बघ."

राजानं बघितलं. 'कोमट' सारखं 'दुधा'कडे मान वळवत होतं. 'तान्ह्या' 'लेकरा'शिवाय थरथरत होतं. त्यानं जोड्या शेजारी बसवल्या. मग 'पाजलं' मधल्या फांदीवर ठेवलं, आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती आणून बसवलं. आईनं तान्ह्या लेकराला कोमट दूध पाजलं. झाड गप्प झालं. राजाला त्याची राणी दिसली, पदराखाली कुमुदा घेऊन बसलेली. तो धनेशाला म्हणाला, "ऊन लागतंय डोळ्याला." ऊन नव्हतं.

तिसरं काम ओतारणीच्या ओसरीवर. ती म्हणाली, "मी एक वाक्य बोलणार. ते पुरं होईपर्यंत तू त्याचा अर्थ लावायचा नाहीस. तोंडानं नाही आणि मनातही नाही. लावलास तर मी पहिल्यापासून सुरू करीन."

आणि बोलू लागली. "माझ्या मुलाला, जो या भट्टीपाशी वाढला, ज्यानं मला सोडून लांबच्या बंदरात घर केलं, ज्याच्या निरोपाची वाट बघताना मी डोंगर उतरायचं विसरले, त्याला मी अजून रोज"

"शाप देतेस," राजा म्हणाला.

ओतारीण पहिल्यापासून बोलू लागली. पुन्हा ती भट्टी, ते बंदर, तो निरोप. "त्याला मी अजून रोज"

राजा तोंडानं गप्प होता. पण मनात म्हणाला, आठवते, दुसरं काय. ओतारणीला ते कळलं. ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या खेपेला भट्टीपाशी ती रेंगाळली, मुलाचे भाजलेले हात सांगितले, बंदराचा रस्ता सांगितला, त्यावरचे सगळे चढउतार सांगितले. राजा एकेक शब्द नुसता सांभाळून धरत गेला. हातात भरलेली भांडी धरावीत तसा. कुठं ठेवायची ते अजून कळलेलं नाही आणि खाली टाकायचीही नाहीत. दुपार कलली.

"त्याला मी अजून रोज, हाक न मारता, ताट वाढून ठेवते."

राजानं खाली मान घातली. म्हणाला, "हे मला सुचलं नसतं."

"सुचायचं नसतंच. थांबायचं असतं. तुझा पितळोबा इतकी वर्षं काय करतोय? तू त्याला शाप म्हणतोस. अरे, तो तुझं पुढचं ऐकायला थांबलाय. माणसासाठी असं कुणी थांबत नाही."

राजानं विचारलं, एवढं त्याला कळतं, तर माझ्या मनातलं का कळलं नाही? मी रागात होतो हे का कळलं नाही?

"कारण मी त्याला राग शिकवला नाही," ओतारीण म्हणाली. "लोभही नाही. कुठला शब्द कुणाचा, कोण कुणाला धरून आहे, एवढी उकल शिकवली. तुम्ही माणसंही आधी तेच करता, फक्त करताना तुम्हाला दिसत नाही. उकल झाली म्हणजे कोण, कुणाला, काय, ते कळतं. खरं बोललास की खोटं, मायेनं की मत्सरानं, ते पितळेत ओतता येत नाही. ते बोलणाऱ्यानं आणायचं."

"मग मला एक शब्द दे. 'राज्यातून' शेजारी बसेल असा, आणि माझी मुलगी जाणार नाही असा."

"तसा शब्द नाही. जे बोललास ते खणात बसलंय, ते निघायचं नाही. तिचं पाऊल बाहेर पडणारच. पण राजा, तुझं वाक्य अजून उघडं आहे. उघड्या वाक्यात पुष्कळ काही मावतं. एकाच शब्दानं दार लावायची तुला घाई का?"

राजा डोंगर उतरला. वेशीवर आला. मुलीचं पाऊल तसंच उचललेलं होतं, केसांत पांढरी तार आली होती. तो तिच्याशेजारून आत गेला आणि दरबारात जाऊन उभा राहिला. माणसं गोळा झाली. प्रधान डोळ्यांनीच म्हणत होता, जावी म्हणा, एकदाचं म्हणा. पायाशी शब्दांचा ढीग छातीपर्यंत आला होता. राजा त्यातून वाट काढत पितळोबाजवळ गेला. त्याला भीती वाटत होती. मुलीला मुक्त केलं तर ती जाणार, आणि गेली तर का यावी तिनं परत? यावं असं त्यानं तिच्यासाठी काय केलं होतं?

तरी त्यानं तोंड उघडलं. सावकाश बोलला.

"माझी मुलगी आजपासून या राज्यातून, तिचं मन होईल तेव्हा, तिच्या पायांनी जाईल, आणि तिचं मन होईल तेव्हा, तिला दार उघडं मिळून, परत येईल, आणि ती बोलत असेल तोवर तिचा बाप गप्प राहील."

शब्द खणात गेले. छोट्या वाक्यांनी मोठ्या वाक्यात आपापली जागा धरली. 'जाईल' बसला. 'येईल' त्याच्या शेजारी बसला. पितळोबानं शेवटच्या शब्दाची वाट बघितली, आणि 'राहील' येऊन टेकला. या खेपेला त्याला पोचा आला नाही.

घंटा वाजली.

पायाशी पडलेला ढीग उठला. शब्द पाखरांसारखे खिडक्यांतून बाहेर पडले आणि आपापल्या मालकाच्या तोंडी गेले. सगळ्या राज्यात इतक्या वर्षांची वाक्यं पुरी होऊ लागली. "लागली," असं एक मिशा फुटलेला गडी चौकात ओरडला, आणि त्याची म्हातारी आई चुलीकडे धावली. "करमेना," असं एक नवरा म्हणाला, आणि बायको म्हणाली, "हे एवढंच होतं? मी काय काय मनात आणलं." पुष्कळांचे शब्द तसेच हवेत फिरत राहिले, कारण बोलणारे आता नव्हते. ते त्यांच्या घरांच्या आढ्यांवर जाऊन बसले. राज्य बोलतं झालं. न्यायाचे निवाडे सुरू झाले, लग्नं ठरू लागली, भांडणंही नीट होऊ लागली.

राजा वेशीकडे पळत गेला. म्हाताऱ्या माणसाला जेवढं पळता येतं तेवढा.

कुमुदाचं उचललेलं पाऊल खाली आलं. बाहेर. दुसरं पाऊलही बाहेर गेलं. तिनं हात झटकले, मान मोकळी केली आणि वळून बापाकडे बघितलं. दरबारात अडकलेलं तिचं वाक्य तिनं तिथूनच उचललं. म्हणाली, तुम्हाला मी जिवंत आहे की नाही याचं सोयरसुतक नव्हतं. म्हणाली, आई गेली तेव्हा मलाही कुणीतरी हवं होतं, आणि मी पुतळ्याला जाऊन विचारायची की बाबा जेवले का. आणखी पुष्कळ म्हणाली. त्यातलं काही राजाला खोटं वाटलं, काही जिव्हारी लागलं. दोनदा त्याचे ओठ हलले. त्यानं ते मिटले. आता पितळोबानं मिटवले की त्यानं आपणहून, हे कुणी बघायला गेलं नाही.

मग ती थांबली. समोर रस्ता होता, तिनं कधी न पाहिलेला. तिनं पदर खोचला.

"येते, बाबा," ती म्हणाली, आणि चालू लागली.

राजा कमानीखाली उभा राहिला. तिचं बोलणं संपलं की अजून काही यायचं आहे, हे त्याला कळेना. म्हणून तो थांबला. ती वळणाआड दिसेनाशी झाली, वरून धनेश तिच्या वाटेनं उडत गेला, कमानीची सावली लांब झाली. राजा कान देऊन उभाच होता.